माळकऱ्यावर दारूचा आळ

आमच्या ग्रामीण रुग्णालयात औषधाची खिडकी इतकी खाली आहे की आतून मला बहुतेकांचे फक्त हात दिसतात. हातातला केसपेपर वाचायचा, गोळ्या मोजायच्या, कधी घ्यायच्या ते सांगायचं, की पुढचा हात. बाजाराच्या दिवशी एकेकाच्या वाट्याला अर्धं मिनिटही येत नाही.

त्या दिवशी बाजारच होता. एका केसपेपरवर लिहिलं होतं : चक्कर, तोल जातो, बोलणं अडखळतं. पुढे प्रश्नचिन्ह घालून ‘अल्कोहोल’. खाली बी कॉम्प्लेक्स आणि पित्ताची गोळी. झुलणारा पुरुष दिसला की आपल्याकडे आधी दारू आठवते, आणि ती आठवली की पुढचं तपासणं थांबतं. ओपीडीला गर्दी होती हे मला मान्य आहे, तरी याचा राग येतोच.

त्यांना उभं राहवेना. कट्टा धरून ते वाकले आणि चेहरा थेट जाळीपाशी आला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. “म्याडम, थेंबाला शिवलो न्हाई कधी. माळ हाय गळ्यात.” जीभ जड झालेली. ते बोलत असताना मला हिरड्या दिसल्या. फुगून दातांवर चढलेल्या, अर्धेअधिक दात झाकून टाकलेल्या. वर्षानुवर्षं फेनिटॉइन ही फिटची गोळी घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हिरड्या अशा वाढतात.

खिडकी सहकाऱ्याकडे सोपवून मी बाहेर आले. नवराबायकोला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि हळू आवाजात विचारलं, “फिटची गोळी किती वर्षं चालू आहे?”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी आधी दार लोटून घेतलं, मगच बोलल्या. लग्नाआधीपासून. रात्री १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, एकही दिवस खाडा नाही, आणि कित्येक वर्षांत एकही फिट नाही. गोळ्या शेजारच्या तालुक्यातल्या दुकानातून आणायच्या, बुक्क्याच्या जुन्या डबीत ठेवायच्या. गावात कुणालाही पत्ता नाही.

मी बोट त्यांच्या डोळ्यांसमोरून बाजूला नेलं. टोकाला गेल्यावर बुबुळं थरथरत, झटके देत परत येत होती. एका रेषेत टाचेला पाऊल लावून चालायला सांगितलं, तर दुसऱ्याच पावलाला भिंत धरली. फेनिटॉइन अंगात जास्त झालं की हेच दिसतं. पण गोळ्या तर तीनच होत्या. कंपनी बदलली का? नाही. ताप, खोकला, बुरशीचं औषध? नाही. नवीन काहीच नाही, असं दोघंही शपथेवर सांगत होते.

“घरात कुणाला टीबी निघालाय का?”

“मामंजींना निघालाय की,” बाई म्हणाल्या. “पर आमची ती गोळी औषधाची न्हाई. आमास्नी टीबी हुऊ न्हाई म्हणून दिलीया. समदी घेतो रोज.”

ती आयसोनियाझिड. रुग्णाच्या घरातल्यांना ६ महिने, मोठ्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम. गोळी योग्य आणि देणंही योग्यच. पण हीच गोळी यकृतात फेनिटॉइनचा निचरा अडवते. फेनिटॉइन मुळातच आडमुठं औषध आहे. साखर कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली असते. त्यापुढे एक गाडी जरी रोज जादा आली तरी रांग वाढतच जाते. यकृताचं या गोळीच्या बाबतीत तसंच आहे, म्हणून ३०० वरून ४०० वर जाणंही काहींना झेपत नाही. इथे तर गाड्या तेवढ्याच राहिल्या आणि कारखानाच मंदावला. ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिड हळू निवळतं त्यांना हा त्रास जास्त होतो, आणि आपल्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत.

मग बाईंनी जे विचारलं त्याने मी हादरले. “शेजारीण म्हणती, गोळ्या गरम पडल्यात, समद्या बंद कर. करू का आजपासनं?” इतक्या वर्षांची फिटची गोळी आपल्या मनाने एकदम तोडली तर फिट नुसती परत येत नाही, एकामागून एक येऊन थांबायचंच नाव न घेणारी फिटही येऊ शकते. त्यात माणूस दगावतो. गोळी कमी करायची ती डॉक्टरांनी, माणूस डोळ्यांसमोर ठेवून. हे मी चढ्या आवाजात सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

वैद्यकीय अधीक्षकांनी ऐकून घेतलं, लगेच दाखल केलं आणि जिल्ह्याच्या फिजिशियनना फोन लावला. रक्तातली पातळी बाहेरून तपासून आणली. १० ते २० हवी, ३४ निघाली. वॉर्डात लक्ष ठेवून फेनिटॉइन थोडं थांबवलं, मग कमी मात्रेत सुरू केलं. आठवड्याच्या आत गृहस्थ सरळ चालू लागले.

प्रतिबंधाची गोळी देताना आशाताईंनी विचारलं होतं : दारू, कावीळ, हातापायांना मुंग्या, दुसरं काही औषध चालू आहे का? सगळं विचारलं, पण अंगणात, चार माणसांसमोर. त्यात आशाताई त्यांच्याच भावकीतल्या. मुलीची सोयरीक चाललेली. तिथे कोणता बाप ‘मला फिट येते’ म्हणेल? मी गृहस्थांना सांगितलं की हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकलाय, आणि इथे तर आजार मुलीला नाही, तुम्हाला आहे. ते म्हणाले, “कायदा सोयरीक जमवत न्हाई, म्याडम.”

आमच्याकडे हेच फेनिटॉइन फुकट मिळतं. इथून न्या म्हटलं, तर रांगेत गावची माणसं असतात म्हणून नको. शेवटी ठरलं की बाईंनी बाजाराच्या दिवशी मागच्या दाराने यायचं. त्या येतात. डबीवर मी आता औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय, आतल्या बाजूने.

एक काळजी अजून सुटलेली नाही. ६ महिन्यांनी आयसोनियाझिड थांबेल तेव्हा यकृत पुन्हा पहिल्यासारखं चालेल, आणि आज पुरणारी कमी मात्रा अपुरी पडेल. त्या वेळी पातळी तपासून गोळी वाढवावी लागेल, नाहीतर इतक्या वर्षांनी फिट येईल, तीही बहुधा लग्नसराईत. केसपेपरवर लाल शाईने लिहिलंय, अधीक्षकांना सांगितलंय, बाईंकडून तारीख वदवून घेतलीय. आशाताईंना सांगायची मात्र त्यांनी परवानगी दिलेली नाही, आणि शेवटची गोळी कधी संपली हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळणार आहे.