आजी म्हणाल्या, "जातं कुठंय?"

तिसरी-चौथीच्या वर्गाला लोकगीतं शिकवायचं ठरवलं तेव्हा माझ्याजवळ एक स्पीकर होता आणि भरपूर उत्साह. संगीत मी शिकलेलो नाही. कलेच्या तासाला तोवर मी चित्रंच काढून घ्यायचो, कारण त्यात वर्ग शांत राहतो.

सुरुवात जात्यावरच्या ओव्यांनी केली. सूर चार-पाचच, ओळी दोनच, आणि ऐकवायला ध्वनिमुद्रणं मिळतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्याच एक लाखावर आहे. त्यातल्या काही मी वर्गात लावल्या. पहिली दोन मिनिटं मुलांनी ऐकलं, तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आता डीजे लावा."

मग स्वतःच गायला लागलो. तिथे वेगळीच पंचाईत झाली. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा एक सप्तक खाली असतो. हे ओळखून आपल्या सप्तकात गायचं, हे पुष्कळ मुलांना जमत नाही. ती माझाच खर्ज गाठायला बघत होती आणि अख्खा वर्ग घशातून गुरगुरत होता. दोन आठवडे मी त्यांनाच बेसूर समजत होतो, हे सांगायला आज लाज वाटते. शेवटी एक बाजाची पेटी मागून आणली, मध्य सप्तकात पांढरी दोनचा, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरला आणि स्वच्छ आवाजाच्या एका मुलीला पुढे उभं केलं. ओळ ती म्हणणार, मागून वर्ग, आणि मी गप्प. सा ते प एवढ्यात बसणारी चाल मुलं त्याच दिवशी सुरात म्हणाली.

तिच्याच आजीला मी वर्गात बोलावलं. आजी आल्या, पदर सावरून बसल्या, आणि गाईनात. "गुरुजी, जातं कुठंय? हात फिरल्याबिगर गळा कसा फिरंल?" मी ओशाळलो. जातं शाळेत कुठून येणार? मग त्यांनीच खडूचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर हात ठेवला आणि तो फरशीवर गोल गोल फिरवायला लागल्या. बारीक घरघर सुरू झाली आणि तिच्या मागून ओवी आली. डबा स्वतःकडे ओढताना शब्दावर जोर यायचा, पलीकडे जाताना सूर लांबायचा. मी तीन आठवडे टाळ्या वाजवून शिकवत होतो तो ठेका मुळात टाळीचा नव्हताच. दुसऱ्या दिवसापासून मुलं समोरासमोर बसून एकाच कंपासपेटीवर दोघांचे हात ठेवून फिरवू लागली. बाकांना ओरखडे पडले, त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

आणखी एक गोष्ट त्यांनी मोडून काढली. पहिल्या दिवशी त्या गायल्या ते शब्द मी फळ्यावर उतरवून मुलांकडून पाठ करून घेतले होते. पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा आल्या आणि त्याच चालीत निराळंच गायल्या. मुलं ओरडली, "आजी चुकल्या!" आजी हसल्या. "त्या दिशी भावाची सय आली व्हती, आज लेकीची आली." मी फळा पुसला. मुलांना म्हटलं, आता तुमची जोडा. एकीने जोडली:

सरांनी दिला गृहपाठ, हात दुखला लिहून,
भाऊ माझा हसतो गं, खिडकीतून पाहून.

पोवाड्याला फार खटपट पडली नाही. शाहिराच्या मागून साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांचं 'जी जी' एकदा वर्गाच्या हाती आलं की मुलं थांबत नाहीत, उलट आवरावी लागतात.

गोंधळ, म्हणजे गोंधळी देवीपुढे गातात ती गाणी, घेताना मात्र माझी चूक झाली. वर्गातल्या एका मुलाचे आजोबा गोंधळात संबळ, म्हणजे एक जाड आणि एक बारीक आवाजाचं जोडवाद्य, वाजवतात, हे मला ठाऊक होतं. त्याचं कौतुक करायचं म्हणून मी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला येतो ना रे संबळ?" तो काही बोलायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "मग तू पण मागायला जातोस का?" हसू उसळलं. मी रागावलो, पण वेळ गेली होती. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो. आजोबांनी पाणी दिलं, बसवलं, आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, वाजवतो तो घरी. पण शाळेत त्याला गोंधळी व्हायचं न्हाई."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परंपरा, वारसा हे शब्द मी वर्गात सहज वापरत होतो. त्याची किंमत तो मुलगा एकटा मोजत होता. मी माफी मागितली. मुलाला शाळेत आणलं, आणि ज्यांच्या घरात ही कला आहे त्यांच्याकडे वर्गादेखत बोट दाखवणं तेव्हापासून बंद केलं. वर्गाशीही बोललो. त्याचा कितपत उपयोग झाला, सांगता येत नाही.

महिन्याभराने मधल्या सुट्टीत हजेरीपट घ्यायला वर्गाकडे गेलो, तर आतून बाक वाजत होता. एक आवाज जाड, एक बारीक, दोन हात दोन वेगळ्या चालींनी आणि तरी एकत्र. आत तो एकटाच होता. मी दारातूनच मागे फिरलो. पुढच्या तासाला पोवाडाच घेतला. संबळाचं नाव काढलं नाही.