ट्रेडल ते टोनर: आमच्या छापखान्याची वाटचाल

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातल्या छापखान्याला वर्षभर एकच काम कधी पुरत नाही. पावसाळ्यात बिलबुके आणि शाळांचे फॉर्म, चतुर्थीच्या आधी मंडळांची पावतीपुस्तके, तुळशीचे लग्न लागले की लग्नपत्रिका, आणि जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटकांची व डबलबारी (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनांची हँडबिले. कामे तीच राहिली, यंत्रे बदलत गेली. दर वेळी वेग वाढला. चुका मात्र संपल्या नाहीत, त्यांनी घर तेवढे बदलले: आधी खिळ्यात (धातूच्या अक्षरठशात), मग स्क्रीनच्या जाळीत, मग ऑफसेटच्या पाण्यात आणि आता गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये. आमची वाटचाल त्याच क्रमाने सांगितलेली बरी.

पहिले यंत्र पायाने चालवायचे ट्रेडल. सरावलेला माणूस त्यावर तासाला आठशे ते हजार कागद काढतो, त्यापुढे घाई केली तर बोटे धोक्यात. खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे, उंची 0.918 इंच. एखादा खिळा झिजून कागदाच्या जाडीएवढा जरी बुटका झाला तरी ते अक्षर पुसट येते. त्यावर उपाय म्हणजे कागदामागच्या पॅकिंगमध्ये नेमक्या त्या जागी पातळ टिश्यूचा तुकडा चिकटवायचा. नवशिका शाई वाढवतो. पुसट अक्षर मग पुसटच राहते आणि शेजारची धडधाकट अक्षरे भरून जातात.

इंग्रजीचे काम दोन केसांवर, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्यांवर, भागते. देवनागरीला जुळाऱ्यापुढे (खिळे जुळवणाऱ्यापुढे) चार लागत, कारण पूर्ण अक्षर, अर्धे अक्षर, जोडाक्षर, काना, वेलांटी, उकार, प्रत्येकाचे घर वेगळे. जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या खिळ्यांचे वळण मराठी डोळ्यांत असे बसले की आजही कोणी ‘जुन्या पोथीसारखे अक्षर’ मागितले तर आम्ही त्याच वळणाकडे जातो. त्रास व्हायचा तो रफार आणि मात्रांचा. त्यांचे टोक खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबते आणि शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकते. शेजारी खांदाच नसेल, किंवा फर्मा (चौकटीत आवळलेला खिळ्यांचा संच) तिरका आवळला असेल, तर दाबाखाली ते टोक उडते. मग पहिल्या शंभर कागदांवर ‘सर्व’ आणि उरलेल्या चारशेवर ‘सव’. म्हणून फर्मा आवळल्यावर चेसचा (लोखंडी चौकटीचा) एक कोपरा लेडच्या (ओळींमधल्या पातळ पट्टीच्या) जाडीएवढा उचलून बोटाने दाबून बघायचे. सैल खिळा लगेच खाली सरकतो. छापताना दर पन्नास कागदांनंतर एक काढून फक्त शिरोरेषेच्या वरचा भाग वाचायचा.

ट्रेडल आम्ही विकलेले नाही. बिलबुकाचे नंबर आणि परफोरेशन (पान फाडायची छिद्रांची रेघ) अजून त्याच्यावरच होते. नंबरिंगचा ठोकळा खिळ्यांसारखाच फर्म्यात आवळतात. दाब पडला की त्याचे ‘नं.’ हे टोक आत जाते आणि आकडा एकाने सरकतो. ठोकळा उलटा मोजणारा घ्यावा, 500 पासून 1 कडे. छापलेला कागद एकावर एक पडत जातो, त्यामुळे शेवटी 1 नंबर आपोआप सर्वांत वर येतो आणि गठ्ठा पुन्हा लावावा लागत नाही. वाळलेली शाई आणि कागदाचा भुसा त्या टोकाच्या खोबणीत बसला की आकडा अडकतो आणि एकच नंबर दोनदा छापला जातो. काम संपल्यावर रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने धुणे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एवढेच त्याचे औषध. जाड तेल घातले तर तेच भुसा धरून ठेवते.

दोनदा पडलेला नंबर पूर्वी नुसता लाजेचा विषय होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून तो व्यापाऱ्याच्या हिशेबाचा विषय झाला, कारण बिलाचा क्रमांक एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि सोळा अक्षरांहून मोठाही नको. मालाच्या बिलाला तीन प्रती लागतात: पहिली घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विकणाऱ्याची. सेवेच्या बिलाला दोन. तीन प्रतींसाठी कार्बनलेस (कार्बन न घालता खाली उमटणाऱ्या) कागदाच्या तीन जाती. वरच्या सीबीला लेप पाठीवर, मधल्या सीएफबीला दोन्ही अंगांना, खालच्या सीएफला तोंडावर. मधला कागद उलटा लागला तर लिहिलेले खाली उमटत नाही आणि ते बुक शिवून झाल्यावरच कळते. म्हणून सेट लावताना दर दहाव्या सेटवर कडेला नखाने एक रेघ ओढायची. तिसऱ्या कागदावर निळी रेघ दिसली तर क्रम बरोबर. परफोरेशनची दातेरी पट्टी खिळ्यांपेक्षा किंचित उंच असते, शाईचे रूळ लावून ती चालवली तर रुळांवर चिरा पडतात. तो फेरा रूळ काढून वेगळा करायचा. वेळ वाचवायला दोन्ही एकत्र करणारे थोडे नाहीत, पण रुळांचा नवा संच त्या वाचलेल्या वेळेपेक्षा महाग पडतो.

कापडी पिशव्या, टी-शर्ट, पत्रिकेवरचा सोनेरी गणपती यांसाठी स्क्रीन-छपाई आली. सागाची चौकट आणि तिच्यावर ताणलेली पॉलिएस्टरची जाळी. जाळीचा नंबर म्हणजे एका सेंटिमीटरमधले धागे: कापडाला 40 ते 60, कागदाला 100 ते 120. सोनेरी शाईतले कण जाड असतात, ते 120 च्या जाळीत अडकतात, तेव्हा तिथे जाळी जरा मोकळी घ्यायची. इमल्शनचा (प्रकाशाने कडक होणाऱ्या द्रावाचा) लेप दोन्ही बाजूंनी, पिवळ्या दिव्याखाली. तो पूर्ण सुकल्यावर बटर पेपरवरची काळी प्रिंट काचेखाली दाबून प्रकाश द्यायचा. त्यात मिसळायचा सेन्सिटायझर बायक्रोमेटचा असेल तर हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये, ते विष आहे आणि कातडीलाही चरते.

प्रकाश कमी पडला तर धुताना लेप वाहून जातो. जास्त झाला तर बारीक जागा उघडतच नाहीत, आणि देवनागरीत बारीक जागा म्हणजे अनुस्वार. ‘मंडळ’ चे ‘मडळ’ होते ते इथे. दिवा नवा आला किंवा इमल्शनचा डबा बदलला की अंदाजावर जाऊ नये. एका चौकटीवर पुठ्ठा सरकवत एक ते पाच मिनिटांच्या पाच पट्ट्या काढायच्या आणि धुतल्यावर ज्या पट्टीत आठ पॉइंटचा अनुस्वार गोल उघडला असेल ती वेळ डब्यावर लिहून ठेवायची. पावसाळ्यात लेप हाताला कोरडा लागतो, आत ओल असते. असा लेप नीट कडक होत नाही आणि शंभरेक फटक्यांत त्याला टाचणीएवढी भोके पडतात. गरम हवेने सुकवता येतो, पण 40 अंशांच्या खाली. छापताना जाळी आणि कागद यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर हवे, म्हणजे शाई ओढणारी रबरी पट्टी पुढे गेली की मागची जाळी लगेच सुटते. नाही सुटली तर अक्षरांना मिशा फुटतात.

मिनी ऑफसेटने हजारांचे काम दुपारपर्यंत आणले. यात प्लेटवर अक्षर उंच नसते. तेलकट शाई आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, यावर सगळा खेळ. पाणी कमी पडले की कोऱ्या जागेवर करडी घाण धरते, जास्त झाले की काळा रंग राखी दिसू लागतो. पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) 4.5 ते 5.5 मध्ये ठेवावा. विहिरीचे जड पाणी तसेच ओतले तर आठवड्याभरात रुळांवर पांढरा थर चढतो आणि ते शाई घेईनासे होतात.

कोकणातल्या पावसात मात्र खरा शत्रू कागदच. 58.5 बाय 91.5 सेंटिमीटरचा 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागद पाचशेच्या रिमला 18.7 किलो भरतो. जुलैत उघडा राहिलेला तोच रीम वजनाला जास्त भरेल, कारण कागद हवेतली ओल पितो. त्याचे तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. त्यामुळे कागद एकाच दिशेने वाढतो आणि सकाळी छापलेल्या काळ्यावर दुपारी लाल रंग बसत नाही. दोन रंगांचे काम असेल तर रिमचे प्लास्टिक छापायच्या वेळीच फोडायचे आणि पहिला रंग झाल्यावर गठ्ठा पुन्हा गुंडाळायचा. शाईही या दिवसांत उशिरा वाळते. दोनशे कागदांपेक्षा उंच थप्पी केली तर वरच्या वजनाने खालच्या कागदाची शाई त्याच्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते. पत्रिकेसाठी जाड कागद कापताना त्याच्या तंतूंची दिशाही बघावी लागते. चार बोटांचा तुकडा एका बाजूने ओला केला की तो नळीसारखा वळतो. नळी ज्या दिशेला पडली त्या दिशेला तंतू, आणि घडीही त्याच दिशेने घालायची. आडवी घातली की घडीवर पांढरी भेग पडते. टोनरच्या (पावडर शाईच्या) डिजिटल प्रिंटला हे दुप्पट लागू आहे, तिथे आधी क्रीज (घडीसाठी दाबलेली रेघ) मारल्याशिवाय घडीला हातच लावायचा नाही.

फ्लेक्सबद्दल फार सांगण्यासारखे नाही. प्रत्यक्ष मापाला 72 ते 100 डीपीआय (एका इंचातले ठिपके) पुरते आणि खालच्या कडेला एक हात जागा मोकळी सोडावी, नाहीतर पाहुण्यांची नावे गवतात जातात.

संगणक आल्यावर चार केस गेल्या आणि फॉण्ट आले. सुरुवातीच्या मराठी फॉण्टांत प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. श्रीलिपीत केलेली पत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. युनिकोडने तो प्रश्न सुटला, पण जुनी फाइल नव्यात बदलून घेताना रफार एक घर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी मागच्या अक्षरावर जाते आणि ‘ऱ्य’ चे ‘र्य’ होते. हा शेवटचा बदल शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर असतात: आचार्यांना म्हणजे गुरुजनांना आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. सत्काराच्या पत्रिकेत हा फरक नजरेतून सुटून चालत नाही. पानांची मांडणी करणाऱ्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू नसेल तर वेलांट्या विखुरतात. कोरल ड्रॉ या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांतही जोडाक्षरे तुटतात. श आणि ल कडेही बघावे लागते. नोव्हेंबर 2022 च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल सांगितला आहे, पण बरेच फॉण्ट मुळात हिंदी वळण दाखवतात. काहींत भाषा ‘मराठी’ निवडली की अक्षर बदलते, काहींत ते मुळातच नसते. बाहेर प्लेट काढायला फाइल पाठवताना सगळे कर्व्ह करून (अक्षरांचे आकारांत रूपांतर करून) पाठवायचे आणि कर्व्ह न केलेली प्रत स्वतःकडे ठेवायची. नाहीतर तारीख बदलायची वेळ आली तर सगळे पुन्हा टाइप करावे लागते.

फोटो आता व्हॉट्सॲपवर येतात. साधा पाठवलेला फोटो आकसून येतो, स्क्रीनवर छान दिसतो आणि कागदावर चौकडीचा होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला मूळ आकारात येतो. प्रूफही (छपाईआधीचा तपासायचा नमुना) फोनवरच पाहिले जाते, आणि अंगठ्याची खूण आली म्हणजे वाचले असे नव्हे. फोनवर माणूस चित्र पाहतो, मजकूर वाचत नाही. म्हणून आमच्याकडे प्रूफवरचा मोबाइल नंबर प्रूफ बघूनच फिरवतात. भलतीकडे लागला तर छपाई थांबते.

हँडबिलाचे गणित सोपे आहे: 58.5 बाय 91.5 च्या एका कागदात सोळा निघतात, दोन हजारांना 125 कागद आणि वाया जाणारे सात-आठ. अवघड असतो तो मजकूर. डबलबारीत दोन्ही बुवांची नावे एकाच पॉइंटात आणि एकाच रेषेत हवीत. एक नाव लांब असले की मांडणी करणारा ते लहान करतो आणि त्या बुवांच्या वाडीतून लगेच विचारणा होते. लहान करायचे तर दोन्ही करावे, किंवा लांब नाव दोन ओळींत तोडून आखूड नावालाही दोन ओळींची चौकट द्यावी. दशावतारात ‘ट्रिकसीनयुक्त’ (चमत्काराच्या दृश्यांचे) हा शब्द नाटकाच्या नावाच्या वर, नावाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्याहून मोठा झाला तर लोक नाटकाचे नाव विसरतात. आणि वेळ. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो, आधी आडदशावतार (पूर्वरंग), मग आख्यान (मुख्य कथा), पहाटेपर्यंत. ‘शनिवारी रात्री 12’ असे छापले तर निम्मे गाव शुक्रवारी जेवून येऊन बसते. आम्ही 11.30 छापायला सांगतो. मंडळ बाराच्या पुढच्या वेळेवर अडून बसले तर ‘शनिवारी रात्री, उजाडता रविवार’ अशी ओळ तारखेच्या शेजारी, तारखेच्याच मापात टाकतो.