याद्विगा की झोफिया

आज परत होणाऱ्या बाळाच्या नावावरून नवऱ्याशी, वोइतेकशी, बोलणं झालं आणि परत अर्धवटच राहिलं, म्हणून लिहून काढतेय, डोकं तरी मोकळं होईल.

पोलिश नावाचा हट्ट माझा आहे, वोइतेकचा नाही. मी कोल्हापूरची, तो पोलंडमधल्या क्राकूफचा, राहतो इंग्लंडात स्लाउमध्ये. माझ्या मैत्रिणी म्हणतात आडनाव त्याचं लागणारच आहे मग नाव तरी मराठी ठेव की. पण मी दिवसभर बाळाशी मराठीच बोलणार, बाकी सगळं जग इंग्लिश, मग पोलिशच्या वाट्याला काय येणार तर बाबा कामावरून आल्यावरचा तासभर आणि पुढे शनिवारची पोलिश शाळा. म्हणून नाव तिकडचं असावं असं मला मनापासून वाटतं. आणि पोलिश माणसं आम्हा कोल्हापूरकरांना काही परकी नाहीत, वळिवड्याला १९४३ ते ४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहात होते, माझी आजी सांगायची त्या बायका बाजारात यायच्या ते.

मला याद्विगा ठेवायचंय. त्याच्या आजीचं नाव, आणि पोलंडच्या एका जुन्या राणीचंही. १३८४ मध्ये ती गादीवर बसली तेव्हा दहा-अकरा वर्षांची पोर होती आणि तिचा राज्याभिषेक राणी म्हणून नाही, राजा म्हणून झाला. मरताना तिने दागिने क्राकूफच्या विद्यापीठासाठी ठेवले, त्यातूनच १४०० मध्ये ते परत उभं राहिलं. क्राकूफला वावेल किल्ल्यातल्या कॅथेड्रलमध्ये तिच्या थडग्यात सापडलेला राजदंड ठेवलाय, तो लाकडाचा आहे. सोनं नाहीच. मी काचेला नाक लावून बघत उभी होते, सासूबाई पुढे गेल्या तरी माझा पाय निघेना, तेव्हापासून हे नाव मनात आहे.

वोइतेकला नको आहे. कारण स्पेलिंग. पोलिशमध्ये जे म्हणजे य, डब्ल्यू म्हणजे व, इथल्या शाळेत हजेरीला सरळ जॅडविगा होणार. त्याचं खरं नाव वोइचेख, इथे पहिल्या नोकरीत त्याच्या बॅजवर नुसतं वॉज लिहून दिलेलं, तो काही बोलला नाही आणि मग तेच चिकटलं. तो म्हणतो, आपल्याच नावाला ओ देताना आधी विचार करावा लागायचा, हे मला पोरीच्या वाट्याला नकोय. यावर मी काय बोलणार. हे त्याने भोगलंय, मी नाही.

त्याला झोफिया हवंय. इंग्लिश माणूस ते जवळपास बरोबर वाचतो, लाडाचं झोशा होतं, छानच आहे. सासूबाई पण खूश, त्यांच्याकडे १५ मे झोफियाचा नामदिवस (कॅलेंडरात त्या नावाच्या संताचा दिवस), थंडीचा शेवटचा तडाखा त्या दिवशी येतो म्हणतात, टोमॅटोची रोपं त्यानंतरच बाहेर लावायची. तिकडे नामदिवसाला मान मोठा, जुनी माणसं तर वाढदिवसापेक्षा तोच साजरा करतात.

काही नावं तर आधीच गेली. वांदा आईने फोनवर ऐकलं आणि लगेच नाही म्हणाली, का ते मराठी माणसाला सांगायला नको. वुत्स्या मला फार आवडलेलं, पण त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे आडवी रेघ मारलेला एल, आणि ब्रिटिश पासपोर्टवर ती रेघ येत नाही. मग एका देशाच्या कागदावर एक स्पेलिंग आणि दुसऱ्याच्या कागदावर दुसरं, जन्मभर ऑफिसांत खुलासे देत बसायचे. ते मात्र मलाही नको.

पण जे आणि डब्ल्यूला मी घाबरणार नाही. ही माणसं लायसेस्टर लिहून लेस्टर वाचतात, वॉर्सेस्टर लिहून वूस्टर म्हणतात, आयरिश मुलींची नावं तर बघायलाच नकोत आणि तरी वर्गात सगळे बरोबर बोलवतात. एकदा सांगितलं की येतं. सांगावं लागतं एवढंच, आणि ती शाळेत जायला लागेल तेव्हा सांगायला आम्ही दोघं आहोत, वोइतेकला तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. हेच मी आज त्याला म्हटलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला आजीला घरी सगळे याजा म्हणायचे, आणि हाक मारताना याजू. याजू! आपल्या राजू-संजूसारखंच की. आई तर हे पहिल्या झटक्यात म्हणेल.

तर सध्या असं ठरतंय की याद्विगा पहिलं आणि झोफिया दुसरं. पोलंडमध्ये दोन नावं चालतात, त्यापेक्षा जास्त नाही. तो अजून पक्कं हो म्हणाला नाहीये पण नाहीही म्हणाला नाही. इंग्लंडात जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते, तोवर होईल.

आता आडनावाचं बघायचंय. मुलगी आहे तर शेवटी स्का लागायला हवं, बापासारखं स्की नाही, ते पण आधीच विचारून ठेवलेलं बरं.