फोटोत कुणीच नाही

वाण्याने सुट्टे म्हणून जुनी, लालसर विसाची नोट दिली. नव्या नोटेवर आपलं वेरूळ आहे; जुनीच्या पाठीवर अंदमान. नारळ, समुद्र, पलीकडे दीपगृह. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) गेलेली मंडळी माउंट हॅरिएटच्या (आता माउंट मणिपूर) वाटेवर ही नोट हातभर लांब धरून, एक डोळा मिटून, खऱ्या किनाऱ्याशी जुळवत उभी असतात.

आत्याला असले फोटो म्हणजे रोल फुकट घालवणं वाटतं. रोल जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी. फोटोत माणूस हवं! बाबांचंही तेच. रायगडावर जगदीश्वरासमोर आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं होतं. छत्तीसचा रोल, म्हणून हलायची बंदी. फोटो धुऊन आले तेव्हा माणसं सगळी होती, देवळाचा कळस मात्र कापलेला. तेव्हापासून असेल, मला चौकटीत माणूस चालत नाही. कुणाची टोपीसुद्धा.

पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावर ही खोड फार महागात पडते. आता त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, पण बोटवाले अजून रॉसच म्हणतात. ते ठरलेल्या वेळेला परत बोलावतात आणि पर्यटक काही हलत नाहीत. बाकी इथे वाईट फोटो काढायलाच कसब लागतं. 1858 नंतर इंग्रजांनी अंदमानच्या कैदी वसाहतीचा कारभार या एवढ्याशा बेटावरून चालवला. चर्च, बेकरी, छापखाना, टेनिस कोर्ट, सगळा थाट. 1941 च्या भूकंपाने तडे गेले, पुढच्या वर्षी जपानी आले. आता छपरं नाहीत आणि भिंतींना झाडांच्या मुळांनी असा विळखा घातलाय की कोण कुणाला धरून उभं आहे, ते सांगता येत नाही. मधूनच एखादं चितळ येऊन पर्स हुंगतं.

पलीकडच्या किनाऱ्यावर सेल्युलर जेल. सकाळी सावरकरांच्या कोठडीत गप्प झालेली मंडळी दुपारी या साहेबांच्या अंगणात केस सारखे करून हसत उभी राहतात. मध्ये बोटीची दहा-पंधरा मिनिटं. मी हसले नाही, पण उजेड छान होता म्हणून खूश होते. त्यात फार फरक आहे असं नाही.

घरी आत्याने माझे फोटो भराभर सरकवले. ‘‘कुणीच कसं नाही गं तिथे?’’

या भिंती कैद्यांनी बांधल्या, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण तोवर ती स्वतःच्या आणि हरणाच्या फोटोवर पोचली होती.