बेट द्वारकेचा पूल, पायी

बडोद्याच्या आमच्या दांडिया बाजारातलं कुणी ना कुणी हल्ली बेट द्वारकेला जाऊन आलेलं असतं. ओखा आणि हे बेट जोडणारा पूल, सुदर्शन सेतू, कसा वाटला म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "मस्त आहे, पाच मिनिटांत पलीकडे!" गाडीतून गेल्यावर एवढंच हाती लागणार. पुलावर गाडी थांबवायची नसते, काचेतून पांढऱ्या केबल सरसर मागे पळतात, आणि समुद्र नीट दिसायच्या आत बेट येतं. म्हणून मी निघतानाच ठरवलं होतं, जाताना चालत जायचं.

बरोबर माझा भाऊ होता आणि आत्या. ऐंशी उलटलेली, दोन्ही गुडघे गेलेले. सौराष्ट्र मेल बडोद्याला मध्यरात्र उलटल्यावर येते, त्या वेळी तिला स्टेशनवर नेणं हेच एक काम. द्वारकेला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रिक्षाने ओख्याकडे निघालो. साधारण तीस किलोमीटरचा रस्ता, वाटेत मिठापूर लागतं.

या टोकाविषयी मला जिव्हाळा आहे आणि तो घरातून आलाय. ओखामंडळ हे बडोदे संस्थानाचं. संस्थान सलग नव्हतंच: बडोदा, कडी, नवसारी, अमरेली आणि पार पश्चिमेला समुद्रात घुसलेलं हे ओखामंडळ, मध्ये काठेवाडातली इतर संस्थानं. आमचे आजोबा द्वारकेला वहिवाटदार (म्हणजे तहसीलदार) कचेरीत कारकून होते. संस्थानाला स्वतःचं बंदर हवं म्हणून सयाजीराव महाराजांनी ओख्याला बंदर उभं केलं, ते १९२६ साली सुरू झालं. मिठापूरचा टाटांचा कारखाना १९३९ चा, तोही बडोद्याच्याच हद्दीत. आजच्या बडोद्यात राजवाडा, कीर्तिमंदिर, सुरसागर सगळे दाखवतात, पण आपला समुद्र कुठे होता हे मुलांना कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

आत्याला भावाबरोबर रिक्षात पुढे पाठवलं आणि मी ओख्याच्या बाजूला उतरले. सुदर्शन सेतू २.३२ किलोमीटर लांब आहे. रस्ता चौपदरी, दोन्ही बाजूंना अडीच मीटरचे पदपथ, गाड्यांपासून वेगळे. पदपथावर सौर पॅनेलचं छप्पर आहे. त्यातून एक मेगावॅटपर्यंत वीज तयार होते, आणि चालणाऱ्याला सावली मिळते ती निराळीच. कडेला गीतेचे श्लोक आणि कृष्णाची चित्रं लावली आहेत. मी वाचत वाचत गेले, त्यामुळे वेळ भरपूर लागला.

खरी मजा मधल्या भागात आहे. साधारण ९०० मीटरचा हा भाग केबलवर तोललेला आहे. दोन उंच मनोरे, आणि त्यांच्यापासून तिरप्या उतरणाऱ्या केबलनी रस्ता वरून धरलाय. खाली प्रवाहाच्या मध्यात खांबांची रांग नको, होड्यांना मोकळी वाट हवी, म्हणून ही रचना. मी मनोऱ्याच्या थोडं अलीकडे कठड्याला हात लावून उभी राहिले. ट्रक गेला की आधी सांध्यावर धडधड ऐकू येते, मग तळपायाला बारीक थरथर कळते, आणि मग कठड्यातून ती हाताला येते. एवढं मोठं काम, पण ते जिवंत असल्यासारखं हलतं. हलायलाच हवं, वारा, वजन आणि ऊन सोसायचं तर पुलाला थोडी मोकळीक ठेवावीच लागते. खाली मच्छीमारांच्या होड्या जात होत्या, रंगीत झेंडे लावलेल्या. एका होडीत एकजण जाळं पसरून बसला होता, आणि त्याची सुई मला वरून दिसत नसली तरी हाताची लय स्पष्ट दिसत होती. वारा असा की ओढणी कमरेला खोचून घ्यावी लागली.

पूर्वी इथे फक्त होडी होती. ओख्याच्या धक्क्यावर गर्दी, होडी गच्च भरेपर्यंत थांबायचं, आणि पाय टाकताना ती वरखाली होत असायची. खलाशी मनगट धरून ओढून घ्यायचा. गाठिया टाकले की समुद्रपक्ष्यांचा थवा डोक्यावर येई. लहानपणचा तो आनंद मी विसरले नाहीये. पण आत्या गुडघे गेल्यापासून बेटावर आलीच नव्हती, कारण तो एक पाय तिला टाकता येत नव्हता.

बेटावरच्या रिक्षावाल्याने मला जे सांगितलं ते मात्र यात्रेकरूंच्या लक्षात येत नाही. अंधार पडला की होड्या बंद, समुद्र खवळला की बंद. रात्री कुणाला दुखायला लागलं, बाळंतिणीला न्यायचं झालं, तर उजाडायची वाट बघायची. २५ फेब्रुवारी २०२४ ला पूल खुला झाला आणि ती वाट बघणं संपलं. होडीवाल्यांच्या कमाईला याचा फटका बसला असणार, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांच्यासाठी समुद्रातली सफर म्हणून का होईना, होड्या चालू राहायला हव्यात. तरीही पुलाची बाजू माझ्या मनात पक्की आहे. आपण तिथे एक दिवस जातो. ती माणसं रोज तिथे राहतात.

मी पोचले तेव्हा आत्या बेटावरच्या कृष्णाच्या मंदिराबाहेर माझीच वाट बघत होती. सुदामा कृष्णाला इथेच भेटला असं मानतात, म्हणून इथे तांदूळ द्यायची रीत आहे. तिने घरून पुरचुंडी बांधून आणली होती, आंबेमोहोर. "अगं, किती वेळ लावलास! चल, दार बंद होईल," म्हणाली आणि माझा हात धरून पायऱ्या चढायला लागली.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, कारण मंदिर दुपारी काही तास बंद असतं. जाताना चालत जा, येताना रिक्षा करा. आणि हनुमान दांडी चुकवू नका. बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, हनुमान आणि त्याचा मुलगा मकरध्वज दोघेही तिथे एकाच देवळात आहेत.