बेस सेटची छाननी: चांदणी बघू की कोपरे?

पोकेमॉनच्या बेस सेटचा, म्हणजे कार्डांच्या पहिल्या संचाचा, गठ्ठा एकदाचा लावून झाला. आतापर्यंत कार्डं खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून लावलेली होती: गोल म्हणजे कॉमन, पत्त्यांतली चौकट म्हणजे अनकॉमन, चांदणी म्हणजे रेअर. ती रचना मोडली, कारण भाव ठरवायला चांदणी एकटी पुरत नाही. चारिझार्डच घ्या. फर्स्ट एडिशनचा शिक्का असलेला, शिक्का नसलेला पण चित्राच्या चौकटीला सावलीही नसलेला शॅडोलेस, आणि नंतर भरमसाट छापलेला अनलिमिटेड. तिघांवरही चांदणी तीच, नंबर ४/१०२ तोच, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून आधी छपाईवरून गठ्ठे केले, मग अवस्था बघायला एकेक कार्ड दिव्याखाली धरलं. ब्लास्टॉइस समोरून पाहिला तर कोरा करकरीत. जरा तिरका केला आणि होलोवर, म्हणजे चित्राच्या चमचमत्या भागावर, केसाएवढे ओरखडे चमकले. पाठीमागे निळ्या किनारीवर, डाव्या कोपऱ्यात, पांढरा ठिपका. हे व्हाइटनिंग, म्हणजे रंग उडून दिसणारा पांढरेपणा, प्लास्टिकच्या स्लीव्हमधून दिसतच नाही, त्यामुळे मी आता पाठ आधी बघतो. सेंटरिंगला, म्हणजे छपाई कार्डाच्या मधोमध आहे का ते बघायला, पिवळ्या किनारी दोन्ही बाजूंनी मोजायच्या. ५५/४५ च्या पुढे सरकलं की ग्रेडिंगमध्ये दहापैकी दहाची आशा सोडून द्यायची. अख्खं कार्डही मोजा, ६३ बाय ८८ मिलिमीटर भरलं पाहिजे. कडा फारच देखण्या दिसल्या की मला जुना बेसबॉलपटू होनस वॅगनर याचं कार्ड आठवतं. १९९१ मध्ये पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड ते, मिळाले ८, आणि त्याच्या कडा कापल्याचं पुढे २०१३ मध्ये विकणाऱ्यानेच कोर्टात कबूल केलं.

खरी गंमत पुढे आहे. वॅगनरच्या त्या कार्डाच्या (टी२०६ या संचातल्या) मोजक्याच प्रती उरल्यात, त्यामुळे तिथे अवस्थेचं फारसं चालत नाही. ग्रेड ३ असलेली प्रत २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरला गेली, आणि अर्धी फाटलेली प्रतसुद्धा पावणेपाच लाखांच्या आसपास. उलट टॉप्स कंपनीचा १९५२ चा मिकी मँटल, हाही बेसबॉलपटूच. तो आपल्या सिरीजमध्ये दुप्पट छापलेला, म्हणजे वॅगनरच्या मानाने काहीच दुर्मीळ नाही. तरी ९.५ ग्रेडच्या प्रतीला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर आले, कारण तशा अवस्थेतला मँटल जवळपास मिळतच नाही. आणि अप्पर डेक कंपनीच्या १९८९ च्या बेसबॉल संचातला केन ग्रिफी? पीएसए १० मिळालेल्याच प्रती चार हजारांवर. तिथे दहा आले म्हणून नाचण्यात अर्थ नाही. ग्रेड पाहिल्यावर पॉप रिपोर्ट, म्हणजे कोणत्या ग्रेडच्या किती प्रती आहेत याची यादी, उघडायचा तो याचसाठी.

हेच गणित माझ्या गठ्ठ्याला लावलं. अनलिमिटेड होलो नऊच्या खाली वाटलं तर ग्रेडिंगची फी वाया, ते सरळ बाइंडरमध्ये. फर्स्ट एडिशन आणि शॅडोलेस होलो मात्र सहा-सातच्या अंदाजाचे असले तरी पाठवणार. अस्सलपणाची खात्री म्हणूनही स्लॅबला, म्हणजे ग्रेड केलेलं कार्ड ज्यात सीलबंद येतं त्या प्लास्टिकच्या डबीला, किंमत येते. कॉमन फर्स्ट एडिशनपैकी फक्त दहाची शक्यता वाटणारेच. ब्लास्टॉइस अनलिमिटेड, त्यामुळे तो घरीच.

पुढे जंगल सेट. त्यात काही होलोंवर सेटचं चिन्ह छापायचंच राहून गेलंय, ती आधी वेगळी काढतो. कोपऱ्यांचं त्यानंतर.