बूट घालून झोपणारी पोरगी

मागच्या पावसाळ्यातली केस आहे. मुलीच्या आईची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

मी सांगलीत विश्रामबागला सायकोडायनॅमिक काउन्सेलिंग करते, म्हणजे मनात आत दबून राहिलेलं काय त्रास देतंय ते बोलण्यातून, खेळातून शोधायचं. जून संपत आला होता, एक बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला बाहेर बसवलं आणि खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, पोरगी बूट घालून झोपतीय. शाळेचे बूट, सॉक्ससकट." झोप लागल्यावर काढले तर मध्येच उठून परत घालते, रागवून झालं, दोन फटके देऊन झाले, सासूबाईंनी अंगारा लावला, मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं तर सगळं नॉर्मल. कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणाल्या एप्रिलपासून. मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढं गेले. हे "पुढं गेले" मला नंतर फार लागलं.

कारण राहायला कुठं विचारल्यावर त्या म्हणाल्या गावभाग, आणि गावभाग म्हणलं की सांगलीच्या कुठल्याही माणसाच्या डोक्यात जे येतं तेच माझ्या डोक्यात आलं. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलं होतं. ही पोरगी तेव्हा तीन वर्षांची, बाबांच्या खांद्यावर बसून घराबाहेर आलेली, 2021 ला परत तेच. घरचे म्हणत होते पुराची भीती बसलीय, मलाही पटलं, रात्री पाणी आलं तर पळायला पाय तयार पाहिजेत म्हणून बूट, सरळ आहे.

दर मंगळवारी साडेचार वाजता यायचं ठरलं. 50 मिनिटं, तीच खोली, तीच जागा, आणि खेळण्यांचा एक डबा जो फक्त तिचा, त्याला दुसरं मूल हात लावत नाही. लोकांना वाटतं एवढं काय त्यात, पण रोज काहीतरी हलत असलेल्या घरातून आलेल्या मुलाला एक गोष्ट जागच्या जागी राहते हे कळणं हेच निम्मं काम असतं. मोठी माणसं बोलून सांगतात, लहान मुलं खेळून सांगतात, आणि टीनएजर कितीतरी वेळा दोन्ही करत नाहीत, मोबाईलच्या कव्हरशी चाळा करत बसतात, तेव्हा त्या गप्प बसण्याबरोबर पण आपल्याला बसता आलं पाहिजे. ही पोरगी बूट घालूनच आत यायची, सगळे बाहेर चपला काढतात, ही नाही. मी आग्रह केला नाही.

पहिले तीन मंगळवार तिनं एकच खेळ खेळला. बाहुलीघरातल्या छोट्या बाहुलीला पलंगावरनं उचलायची आणि दाराला टेकवून झोपवायची. मी म्हणलं, "पाणी आलं तर लगेच पळता यावं म्हणून का?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि बाहुलीघराचं दार लावून टाकलं.

चौथ्या मंगळवारी मी कागद काढला. लंडनमध्ये डोनाल्ड विनिकॉट म्हणून मुलांचे डॉक्टर आणि सायकोअ‍ॅनालिस्ट (मनातलं दडलेलं बोलण्यातून उलगडणारे) होते, ते मुलांबरोबर एक खेळ खेळायचे, एकानं काहीतरी रेघ ओढायची, दुसऱ्यानं त्यातून चित्र करायचं, मग उलट. मी मुलांबरोबर तो नेहमी खेळते. तिनं एक लांबट वाकडी रेघ ओढली, दोन्ही टोकं जवळजवळ जुळलेली. मी खाली लाटा काढल्या आणि वर एक छोटं माणूस बसवलं, म्हणलं ही नाव.

तिनं रबर घेतला. लाटा खोडल्या. माणूस खोडलं. पेन्सिलीनं मधोमध एक पट्टा काढला, अंगठ्याचा वेगळा, आणि कागद माझ्याकडं सरकवून म्हणाली, "नाव नाहीये ही. आईची चप्पल आहे."

मी विचारलं, कुठं आहे ही चप्पल?

"दारात असते. रात्री बघते मी आहे का."

माझ्या अंगावर काटा आला. चार आठवडे त्या खोलीत पूर मी आणत होते, तिचा नव्हताच तो. 2019 ला माझ्या माहेरच्या घरात पाणी होतं, आठ दिवस मी झोपले नव्हते, ते माझं माझ्याजवळ राहिलेलं मी तिच्या बाहुलीच्या अंगावर घालत होते. आमच्याकडे याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात, म्हणूनच आम्हाला सिनियरकडे जाऊन स्वतःच्या केसेसवर बोलावं लागतं, त्या आठवड्यात मी गेले आणि खूप बोलले. एप्रिलमध्ये कृष्णेला कुठला पूर असतो, वहीत तर मीच लिहिलं होतं.

निघताना तिला विचारलं, चपलेबद्दल आईबाबांशी बोलू का? तिनं मानेनंच हो म्हणलं.

दोघांना बोलावलं. बाबा मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी, हळदीच्या सीझनला घरी यायला रात्रीचे अकरा होतात. ते आल्या आल्या म्हणाले, "गोळी नाही औषध नाही, नुसतं बोलून काय होणार? आपल्याकडचं नव्हेच हे." मी म्हणलं, 1922 मध्येच कलकत्त्यात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी काढली होती, शंभर वर्षं झाली हे आपल्याकडं येऊन. ते गप्प झाले पण पटलेलं नव्हतं, आणि बापाला लगेच पटावं अशी माझी अपेक्षापण नसते.

मग मी एवढंच म्हणलं, तुमची मुलगी रात्री उठून आईची चप्पल दारात आहे का बघते.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आईनं पदर तोंडाला लावला. मार्चच्या शेवटी एका रात्री भांडण झालं होतं, पैशांवरून, त्या पिशवीत दोन साड्या कोंबून स्टँडवर गेल्या होत्या, तासभर बाकावर बसून परत आल्या. "ती झोपली होती हो. आल्यावर मी बघितलं, झोपलेलीच होती." कोणी तिला काही विचारलं नाही, सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी डबा भरून शाळेत पाठवलं.

मी विचारलं, लहान मुलाला न सांगता निघून जाणं, हे तुम्हाला ओळखीचं वाटतं का कुठून?

त्या एकदम नाही म्हणाल्या. मग खिडकीकडं बघत सांगायला लागल्या, सहा वर्षांची असताना त्यांना शिकायला मामाकडं ठेवलं, रडेल म्हणून झोपेतच उचलून गाडीत घातलं, सकाळी डोळे उघडले तर छप्पर वेगळं. "मी तवापासनं गाढ कधी झोपलेच नाही मॅडम," असं म्हणल्या आणि स्वतःच थांबल्या. नवऱ्यानं त्यांच्याकडं असं बघितलं की बारा वर्षांच्या संसारात हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. पाण्याचा ग्लास त्यानंच उचलून दिला.

त्या रात्री आईनं मुलीला जवळ घेऊन सांगितलं, मी गेले होते, चिडले होते, परत आले, तुला सांगायला पाहिजे होतं. बूट काही जादूनं सुटले नाहीत. आधी बूट गेले आणि सॉक्स राहिले, मग एखाददुसरी रात्र परत बूट, असं चाललं. आईचं वेगळं सेशन गुरुवारी सुरू केलं, ते अजून चालू आहे.

मग गणपती आले. मी एक मंगळवार नसणार होते, तिला तीन आठवडे आधीपासून सांगत होते, कॅलेंडरवर दोघींनी मिळून गोल केला होता. सुट्टीच्या आधीच्या सेशननंतर मी घरी जायला निघाले तर दाराबाहेर माझी एकच चप्पल. सगळीकडं शोधलं. शेवटी तिच्या डब्यात तळाशी सापडली, बाहुल्यांच्या खाली, वरनं रुमाल पांघरलेला. मी ती हातात घेऊन तिथंच खाली बसले किती तरी वेळ. मग चप्पल होती तशी परत डब्यात ठेवली, रुमालासकट, आणि दुसऱ्या सँडलवर घरी गेले.

सुट्टीनंतर आली ती सरळ डब्याकडं. झाकण उघडून बघितलं, लावलं, आणि माझ्याकडं पाठ करून बसली, दहा मिनिटं. पाय मांडी घातलेले, अनवाणी. बूट बाहेर होते.

मी म्हणलं, राग आलाय माझा.

"तुमचा गणपती किती दिवसांचा होता?"

"पाच."

"आमचा दीडच होता," ती म्हणाली, पाठ तशीच ठेवून, आणि मागं हात करून कागद मागितला.